डोमेनवरचा स्वस्तातला ईमेल सारखा अडतो? महागडा प्लॅन घ्यायच्या आधी या क्रमाने बघा

हे दुरुस्तीचं काम माझ्याकडे इतक्या वेळा आलंय की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं कळतं. कुणाचा घरगुती फराळाचा व्यवसाय, कुणाचा ट्रेकिंगचा ग्रुप, कुणाची मोडी लिपीची ऑनलाइन शिकवणी. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, घेतलेलं असतं, साइट उभी असते, आता त्याच नावाचा ईमेल हवा असतो पण त्यासाठी दर महिन्याला माणशी दोन-तीनशे रुपये भरायची तयारी नसते, आणि नसावीच, कारण प्रोजेक्टमधून अजून डोमेनचे पैसेही सुटत नसतात. मग कुठलीतरी फुकट किंवा स्वस्त सोय लावली जाते, ती पंधरा दिवस चालते आणि अडते.

अडली की लोक वैतागून मोठ्या कंपनीचा प्लॅन घेतात आणि बिघाड त्यांच्यासोबत तिकडेही जातो, कारण तो मेलच्या कंपनीत नव्हताच, डोमेनच्या सेटिंगमध्ये होता. माझं म्हणणं एवढंच आहे की येणारा मेल आणि जाणारा मेल ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचे रस्ते वेगळे, बिघाड वेगळे आणि खर्चही वेगळा. येणारा मेल अगदी फुकटात नीट मिळू शकतो. जाणाऱ्या मेलला समोरच्याच्या दारात पत लागते, आणि खर्च करायचाच असेल तर तो तिथे करायचा.

आधी लक्षणं

- मेल येत नाही, आणि पाठवणाऱ्यालाही काही परत येत नाही. मधेच कुठेतरी गायब.
- पाठवणाऱ्याला लगेच "ॲड्रेस नॉट फाउंड" असं परत येतं.
- येणारं सगळं येतं पण आपण पाठवलेलं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं, किंवा जीमेलकडून ५५०-५.७.२६ असा आकडा असलेला बाउन्स, म्हणजे मेल नाकारल्याचा निरोप, येतो.
- साइटवरचा फॉर्म "धन्यवाद, मेसेज मिळाला" म्हणतो आणि मेल कुठेच नसतो.
- ब्राउझरमध्ये लॉगिन होतं, फोनच्या मेल ॲपमध्ये तोच पासवर्ड चालत नाही.
- वर्षभर सुरळीत चालून एके दिवशी सगळंच थांबतं.

यातलं आपलं कुठलं ते कागदावर लिहा. एकापेक्षा जास्त असतील तर येणाऱ्याचं आणि जाणाऱ्याचं वेगळं लिहा, दोन्ही एकदम सुधारायला गेलं की काय बदलल्याने काय झालं ते कळेनासं होतं.

टेस्ट तरी नीट झालीय का

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. डोमेनवरचा मेल फॉरवर्ड होऊन आपल्या जीमेलला येत असेल तर त्याच जीमेलवरून स्वतःला टेस्ट मेल टाकू नका. तो फिरून परत आला की जीमेल ओळखतं की हा आपणच पाठवलेला मेल आहे, सेंटमध्ये त्याची प्रत आहेच, आणि इनबॉक्समध्ये तो दाखवतच नाही. सेटिंग शंभर टक्के बरोबर असताना लोक या एका गोष्टीपायी दोन-दोन दिवस डोमेनचे रेकॉर्ड, म्हणजे सेटिंगमधल्या नोंदी, बदलत बसतात आणि त्या नादात चालू असलेलंही मोडून ठेवतात. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावरून मेल टाका, एक जीमेलवरून, एक आउटलुक किंवा याहूवरून. विषयात वेळ लिहा, "१०.४० आउटलुकवरून" असं, म्हणजे कुठला आला आणि कुठला नाही यात घोळ होत नाही.

मग स्पॅम फोल्डर, "ऑल मेल", आणि पूर्वी कधी लावलेला एखादा फिल्टर. मेलबॉक्स भरलाय का तेही. हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून कुणी बघत नाही.

पैसे आणि तारखा

"अचानक सगळंच थांबलं" असं असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या, साइटवर लॉगिन करून डोमेनची मुदत बघा. मुदत संपली की साइट आणि मेल दोन्ही जातात. यातला जीवघेणा प्रकार असा की रजिस्ट्रारच्या खात्याला लोक नव्या डोमेनवरचाच ईमेल देऊन ठेवतात, म्हणजे डोमेन बंद पडल्याचं कळवणारा मेल त्याच बंद पडलेल्या पेटीत जातो, पासवर्ड रिसेटची लिंकसुद्धा तिथेच जाते. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. रजिस्ट्रारच्या खात्याला साधा जीमेल द्या, आज द्या. डॉट कॉमसारख्या डोमेनला मुदतीनंतर काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं, त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ लागतो आणि त्यात सोडवून घ्यायला नेहमीपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात.

डोमेन अगदी नवीन असेल तर वेगळीच गंमत होते. डॉट कॉम, डॉट नेट वगैरेंसाठी नोंदणी करताना दिलेल्या ईमेलवर खात्री करायची लिंक येते, ती १५ दिवसांत दाबली नाही तर रजिस्ट्रार डोमेन स्थगित करू शकतो. "दोन आठवडे छान चालत होतं हो" असं कुणी म्हटलं की मी आधी हेच विचारतो.

आणि परदेशी मेल सेवा घेतली असेल तर कार्ड. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, कार्डवरून आपोआप कटणाऱ्या रकमेला मँडेट, म्हणजे आपली आगाऊ परवानगी, नोंदवलेला लागतो. २०२२ च्या जूनमध्ये ओटीपीशिवायची मर्यादा ५,००० वरून १५,००० रुपये झाली, पण रक्कम कितीही छोटी असली तरी मँडेटच नोंदलेला नसेल तर ती कटत नाही, आणि छोट्या परदेशी कंपन्यांकडे ती सोय असेलच असं नाही. वर्षाचे हजार-दीड हजार रुपये खात्यात असून कटत नाहीत आणि सेवा बंद होते. म्हणून अशा ठिकाणी वर्षाचे पैसे एकदम, आपल्या हाताने भरायचे आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची तारीख टाकायची.

डोमेनबरोबर "पहिलं वर्ष ईमेल फुकट" मिळाला असेल तर दुसऱ्या वर्षीचा दर बघा, जीएसटीचे १८ टक्के धरून. मी एका मित्राला एक सुटसुटीत मेलबॉक्स असाच घेऊन दिला होता, दुसऱ्या वर्षीचं बिल डोमेनच्या दुप्पट आलं आणि तोपर्यंत सगळ्या पावत्यांवर तो पत्ता छापून झाला होता. पत्ता तोच ठेवून सेवा बदलता येते, हेच तर स्वतःच्या डोमेनचं सुख आहे, पण जुने मेल हलवायला एक रविवार गेला.

जे घेतलंय त्यात ती सोय आहे का

निम्म्या तक्रारी इथे सुटतात, कारण तो बिघाड नसतोच, प्लॅनची मर्यादा असते.

क्लाउडफ्लेअरचं ईमेल राउटिंग फुकट आहे आणि चांगलं आहे, पण ते आलेला मेल पुढे ढकलतं, बस. तिथे पेटी नाही आणि त्या पत्त्यावरून उत्तर द्यायची सोयही त्यात नाही. वर ज्या जीमेलला मेल पोचवायचा त्या जीमेलवर एक खात्रीची लिंक येते, ती दाबल्याशिवाय एकही मेल पुढे जात नाही, आणि ती लिंक हमखास दाबायची राहते. शिवाय डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, क्लाउडफ्लेअरचे हवेत. नेमसर्व्हर हलवायचे नसतील तर इम्प्रूव्हएमएक्ससारख्या सेवा फॉरवर्डिंग फुकट देतात.

झोहो मेलचा फुकट प्लॅन पाच माणसांपर्यंत, प्रत्येकी ५ जीबी, एका डोमेनसाठी. ही खरी पेटी आहे, पाठवताही येतं. पण फुकट प्लॅनमध्ये आयमॅप आणि पॉप (दुसऱ्या ॲपमध्ये मेल आणायच्या सोयी) नाही, म्हणजे ब्राउझरमध्ये किंवा झोहोच्याच ॲपमध्ये वापरायचं. फोनच्या मूळ मेल ॲपमध्ये किंवा थंडरबर्डमध्ये पासवर्ड चालत नाही ते यामुळे, पासवर्ड पाचव्यांदा बदलून काही होणार नाही. झोहोचं ॲप टाका, नाहीतर त्यांचा सगळ्यात छोटा पैसेवाला प्लॅन घ्या, तो माणशी महिन्याला शंभर रुपयांच्या आत बसतो.

घरात आयफोन असेल आणि फोटोंसाठी आयक्लाउड प्लसचे महिना ७५ रुपये जातच असतील तर त्यात पाचपर्यंत डोमेन जोडता येतात. हे कित्येकांना माहीत नसतं आणि ते वेगळे पैसे भरत असतात. एकट्या माणसाच्या प्रोजेक्टला हे पुरतं. आणि पत्ते बरेच हवे असतील, इन्फो, ऑर्डर, हिशोब वगैरे, पण मेल थोडेच असतील, तर मिगाडूसारखी सेवा बघा. ती माणशी पैसे घेत नाही, एकूण वापरावर घेते, सगळ्यात छोटा प्लॅन वर्षाला १९ डॉलर, मात्र त्यात रोज बाहेर जाणाऱ्या मेलवर घट्ट मर्यादा आहे. दिवाळीच्या आठवड्यात चाळीस जणांना दरपत्रक पाठवायला घेतलं तर ते अर्ध्यात अडकणार.

गुगलची फुकट सोय अजून कुठेतरी लपलेली असेल असं वाटून लोक शोधत बसतात. डोमेनसाठीच्या फुकट खात्यांची नवी नोंदणी गुगलने २०१२ च्या डिसेंबरमध्येच थांबवली. त्यात वेळ घालवू नका. आणि जीमेलमध्ये "दुसऱ्या खात्यातून मेल ओढून आण" ही पॉपची जुनी सोय होती, तीही २०२६ च्या जानेवारीपासून बंद करत असल्याचं गुगलने जाहीर केलं. वर्षानुवर्षं त्या रस्त्याने येणारे मेल थांबले असतील तर पेटी शाबूत आहे, ओढून आणणारा थांबलाय. पेटीच्या बाजूने फॉरवर्डिंग लावा.

एमएक्स रेकॉर्ड: मेलने जायचं कुठे

आता डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदींची वही. घाबरायचं काही नाही, फक्त बदलायच्या आधी आत्ताच्या सगळ्या रेकॉर्डचे फोटो काढून ठेवा, फोनने काढले तरी चालतील. हे मी कळकळीने सांगतोय, कारण परत मागे जायचा तोच एक रस्ता असतो.

एमएक्स रेकॉर्ड जगाला सांगतो की या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा. एमएक्सटूलबॉक्सच्या साइटवर डोमेन टाकलं की दिसतो, कॉम्प्युटरवर एनएसलुकअप वापरता येत असेल तर तिथेही. आधी नेमसर्व्हर कुणाचे ते बघा, मग एमएक्स. कारण नेहमीची चूक अशी की डोमेन एका कंपनीकडे, नेमसर्व्हर होस्टिंगकडे, आणि माणूस बदल करतोय डोमेनच्या कंपनीच्या पॅनलमध्ये. तिथे रेकॉर्ड सुंदर दिसतात, सेव्ह होतात, आणि त्यांना जगात कुणी विचारत नाही. ज्याचे नेमसर्व्हर त्याच्याच पॅनलमध्ये बदल करायचा.

एमएक्समध्ये जुन्या सेवेचे आणि नव्या सेवेचे रेकॉर्ड एकत्र राहिले असतील तर काही मेल इकडे जातात, काही तिकडे. "काहींचे येतात, काहींचे येत नाहीत" याचं कारण बहुतेक वेळा हेच. जुने काढून टाका. बदल केल्यावर टीटीएल, म्हणजे रेकॉर्डवर लिहिलेली मुदत, जेवढा असेल तेवढा वेळ जुनं उत्तर लोकांकडे राहतं, एक तास ते एक दिवस. नेमसर्व्हरच बदलले असतील तर ४८ तास धरून चाला आणि त्या काळात काही बदलू नका.

क्लाउडफ्लेअरवर असाल तर मेल सर्व्हरच्या नावापुढचा नारिंगी ढग बंद हवा. तो ढग वेबसाइटच्या रहदारीसाठी आहे, मेल त्यातून जात नाही. आणि तिकडे डोमेन हलवताना ते आपोआप जुने रेकॉर्ड शोधून आणतात, पण सगळे सापडतातच असं नाही. मघाचे फोटो इथे कामी येतात.

होस्टच्या रकान्यातली चूक

हे मी जवळून दाखवतो कारण दर दुसऱ्या घरात सापडतं. मेलवाली कंपनी सांगते, अमुक नावाने टीएक्सटी (नुसत्या मजकुराचा) रेकॉर्ड टाका, आणि ते नाव डोमेनसकट पूर्ण दिलेलं असतं. आपण ते जसंच्या तसं कॉपी करून "होस्ट" किंवा "नेम" च्या रकान्यात चिकटवतो. पण बरीच पॅनल त्या नावाला शेवटी डोमेन स्वतःहून जोडतात. म्हणजे रेकॉर्ड तयार होतो "अमुक-डॉट-माझंडोमेन-डॉट-इन-डॉट-माझंडोमेन-डॉट-इन". पॅनलमध्ये एकच ओळ दिसते, सगळं जागच्या जागी वाटतं, आणि मेलवाली कंपनी तीन दिवस "रेकॉर्ड सापडला नाही" म्हणत राहते. तपासायचं सोपं आहे. त्याच पॅनलमध्ये आधीपासून असलेला एखादा रेकॉर्ड बघा, उदाहरणार्थ डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू चा. त्यापुढे नुसतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लिहिलेलं असेल तर आपणही डोमेनच्या आधीचा तुकडाच लिहायचा. मूळ डोमेनसाठी बहुतेक ठिकाणी ॲट चिन्ह चालतं, काही ठिकाणी रकाना रिकामा ठेवावा लागतो.

फॉर्मचा मेल गायब

माझ्या मावसभावाची रत्नागिरीकडे थोडी कलमं आहेत. मार्चच्या शेवटी हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी सुरू केली, साइट साध्या शेअर्ड होस्टिंगवर, मेल बाहेरच्या स्वस्त सेवेवर. लोक फोन करून म्हणायचे, दादा आम्ही फॉर्म भरलाय, उत्तर नाही. त्याच्या पेटीत काही नाही. बाहेरून टाकलेला मेल बरोबर यायचा, मीही टाकून बघितला, आला. एमएक्स बरोबर. दुसऱ्या दिवशी सुचलं म्हणून होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या पॅनलमध्ये, जाऊन तिथलं वेबमेल उघडलं, जे त्याने आयुष्यात कधी उघडलं नव्हतं, आणि त्यात एकाखाली एक ऑर्डरी पडलेल्या. पंधरा दिवसांच्या. काही लोकांनी तोवर दुसरीकडून पेट्या घेतल्या होत्या, त्यांना फोन करताना त्याचा आवाज मला अजून आठवतो.

कारण असं, की साइट ज्या सर्व्हरवर आहे त्याला वाटतं या डोमेनचा मेल आपलाच आहे. फॉर्मने मेल पाठवला की तो बाहेर जाऊन एमएक्स विचारतच नाही, घरातल्या घरात स्वतःच्या पेटीत टाकून मोकळा होतो. सीपॅनलमध्ये "ईमेल राउटिंग" नावाचं पान असतं, तिथे "लोकल" च्या जागी "रिमोट मेल एक्स्चेंजर" निवडायचं. एक क्लिक, पैसे शून्य. बदलल्यावर जुन्या वेबमेलमध्ये अडकलेलं काही आहे का ते आवर्जून बघा, ते आपोआप पुढे जात नाही.

वर्डप्रेसचा फॉर्म असेल तर आणखी एक. सर्व्हर स्वतः मेल पाठवतो त्याला कसलीही सही नसते, म्हणून तो स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. एसएमटीपीचा (मेल पाठवायच्या रस्त्याचा) एखादा प्लगिन टाकून मेल नीट सेवेतून पाठवा. ब्रेव्हो या मेल पाठवणाऱ्या सेवेच्या फुकट प्लॅनमध्ये दिवसाला ३०० मेल जातात, छोट्या प्रोजेक्टला ते पुरून उरतात. ॲमेझॉन एसईएस हजार मेलला १० सेंट घेतं पण त्याचं सेटिंग जरा किचकट आहे. आणि फॉर्ममध्ये "पाठवणारा" म्हणून गिऱ्हाइकाचा ईमेल घालू नका, आपला घाला, गिऱ्हाइकाचा "रिप्लाय टू" मध्ये. दुसऱ्याच्या नावाने पाठवलेला मेल पोचू नये हीच तर सगळ्या नव्या नियमांची इच्छा आहे.

जाणारा मेल स्पॅममध्ये: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क

२०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू दोघांनी नियम कडक केले. प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (हे काय ते खाली सांगतो) यातलं किमान एक हवंच, आणि जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याकडे दोन्ही आणि डीमार्कही. आपण छोटे असलो तरी तिन्ही लावावेत, पैसे लागत नाहीत.

आधी बघायचं कसं ते. आपल्या डोमेनवरून एका जीमेलला मेल पाठवा, कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये तो उघडा, तीन टिंबांच्या मेनूत "मूळ दाखवा" म्हणजे "शो ओरिजिनल" दाबा. वरच तीन ओळी दिसतात, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, आणि प्रत्येकापुढे पास की फेल. मोबाईलच्या ॲपमध्ये हे नाही. नुसतं पास वाचून थांबू नका, कुठल्या डोमेनसाठी पास झालंय तेही वाचा.

एसपीएफ म्हणजे "माझ्या नावाने कोण कोण मेल पाठवू शकतं" याची यादी. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. लोक सेवा बदलतात किंवा दुसरी जोडतात तेव्हा जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी टाकतात, आणि दोन झाल्या की दोन्ही बाद, जणू एकही नाही. दोन ओळी एकत्र करून एक करायची, सुरुवात एकदाच, मधे सगळ्यांचे "इन्क्लूड", शेवट एकदाच. त्या ओळीमुळे होणाऱ्या चौकशा दहाच्या वर गेल्या तरीही ती बाद होते, आणि एका इन्क्लूडच्या पोटात आणखी दोन-चार असू शकतात. वापरत नसलेल्या सेवा काढून टाका.

डीकेआयएम ही प्रत्येक मेलवरची सही. सेवा एक लांबलचक किल्ली देते, ती टीएक्सटी रेकॉर्डमध्ये टाकायची. २०४८ बिटची किल्ली टीएक्सटीच्या एका तुकड्यात मावत नाही कारण तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरं आहे. चांगली पॅनल स्वतःच तोडून जोडतात, काही पॅनल मात्र शेपूट गुपचूप कापून टाकतात. सेव्ह केल्यावर परत उघडून किल्लीची शेवटची पाच-सहा अक्षरं जुळवून बघा. कापली जात असेल तर सेवेकडे १०२४ बिटची किल्ली किंवा सीनेमचा (सेवेकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या रेकॉर्डचा) पर्याय आहे का ते बघा. आणि रेकॉर्ड टाकून झाल्यावर सेवेच्या पॅनलमध्ये जाऊन सही चालूही करावी लागते, ते बटण विसरतं.

डीमार्क शेवटी. या तपासात न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते हा रेकॉर्ड सांगतो. सुरुवात "पी इक्वल्स नन" ने करा, म्हणजे फक्त बघ आणि कळव. रेकॉर्डमध्ये अहवालासाठी आपला पत्ता दिला की रोज अहवाल येतात, त्यात आपल्या नावाने कुठकुठून मेल जातोय ते दिसतं. दोन-तीन आठवडे सगळं स्वच्छ दिसलं की मग "क्वारंटाइन", म्हणजे स्पॅममध्ये टाक. कुठूनतरी कॉपी करून पहिल्याच दिवशी "रिजेक्ट" लावलं की आपलेच फॉर्मचे मेल नाकारले जातात.

जीमेलमधूनच डोमेनच्या नावाने पाठवताय का

स्वस्तातली सगळ्यात लोकप्रिय जुळणी ही: येणारं फुकट फॉरवर्डिंगने जीमेलला, आणि पाठवताना जीमेलच्या "सेंड मेल ॲज" मध्ये डोमेनचा पत्ता, सर्व्हर म्हणून जीमेलचाच एसएमटीपी आणि ॲप पासवर्ड. हे चालतं, आणि एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती, पण मेल जातो तो जीमेलच्या सहीने. पत्रावर नाव आपलं, शिक्का जीमेलचा. एसपीएफ पास दिसतं, डीकेआयएम पास दिसतं, पण दोन्ही जीमेल डॉट कॉमसाठी, म्हणून डीमार्कमध्ये आपलं डोमेन जुळत नाही. डीमार्क नन असेल तोवर निभतं, क्वारंटाइन किंवा रिजेक्ट केलं की त्याच दिवसापासून मेल गायब व्हायला लागतात. "डीमार्क लावल्यापासून बिघडलं" म्हणणारे बहुतेक याच जुळणीवर असतात.

उपाय महाग नाही. "सेंड मेल ॲज" तसंच ठेवा, फक्त त्यातला एसएमटीपी बदला, जीमेलच्या जागी ब्रेव्होसारख्या सेवेचा, जिथे आपलं डोमेन सहीसकट नोंदवलेलं आहे. येणारं फुकट, जाणारंही फुकट आणि शिक्का आपला. रोज पाच-दहा मेल असणाऱ्यांना मी हीच जुळणी लावून देतो. गिऱ्हाइकांची बिलं आणि पैशांचे व्यवहार मेलवर होत असतील तर मात्र झोहोचा छोटा प्लॅन घ्या, महिन्याच्या तीन-चार वडापावांच्या खर्चात बिघाडाच्या दोन जागा कमी होतात.

फॉरवर्डिंग वापरताय तर "कॅच ऑल" बंद ठेवा. ते चालू असलं की डोमेनवर कुठल्याही नावाने आलेला सगळा कचरा आपल्या जीमेलकडे ढकलला जातो, आणि जीमेलला कचरा पाठवणारा दिसतो तो आपला फॉरवर्डर. मग चांगले मेलही उशिरा यायला लागतात. हवे तेवढे दोन-तीन पत्ते लिहून द्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

स्वतःचा मेल सर्व्हर व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, उभा करायचा विचार असेल तर छोट्या प्रोजेक्टसाठी नका करू. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण बऱ्याच क्लाउड कंपन्या पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायची वाट, मुळातच बंद ठेवतात, आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद म्हणजे पीटीआर लागते, आणि आयपीचा आधीचा भाडेकरू स्पॅमवाला असला तर त्याचं पाप आपण फेडायचं.

डीएनएसमध्ये आपण न टाकलेले रेकॉर्ड दिसले, सेंटमध्ये आपण न पाठवलेले मेल दिसले, किंवा गिऱ्हाइकाला "आमचा बँक खाते नंबर बदललाय" असा मेल आपल्या नावाने गेला, तर पुढे काही दुरुस्त करत बसू नका. पासवर्ड बदला, टू-स्टेप चालू करा, गिऱ्हाइकांना फोनवर सांगा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, आणि तांत्रिक काम माहितगाराकडे द्या. पुरावा पुसला जाईल असं काही डिलीट करू नका.

नेमसर्व्हर बदलल्यावर साइट आणि मेल दोन्ही एकदम गेले आणि डोमेनवर डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवरची सही) चालू होतं, तरी थांबा. त्या सहीचा जुना डीएस रेकॉर्ड रजिस्ट्रारकडे राहिलेला असतो आणि तो न कळता हात लावण्यासारखा नाही. डोमेन रिडेम्प्शनमध्ये गेलं असेल तर रजिस्ट्रारलाच फोन, तिसऱ्या कुणी "सोडवून देतो" म्हटलं तर पैसे देऊ नका. आणि त्याच डोमेनवर चालू दुकान असेल, रोज पैसे येत असतील, तर नेमसर्व्हर हलवायचं काम सणाच्या आठवड्यात स्वतः करू नका.

बोलवाल त्याला मुख्य पासवर्ड देऊ नका, बहुतेक रजिस्ट्रार आणि क्लाउडफ्लेअर दुसऱ्या माणसाला मर्यादित प्रवेश द्यायची सोय देतात, ती वापरा. डोमेन आपल्याच नावावर, आपल्याच खात्यात राहू द्या. त्याला चार गोष्टी तयार द्या: बाउन्सचा पूर्ण मजकूर, स्क्रीनशॉट नव्हे तर कॉपी केलेला, "शो ओरिजिनल" चं पान, बदलायच्या आधीचे रेकॉर्डचे फोटो, आणि कुठल्या तारखेपर्यंत नीट चालत होतं ते. एवढं हातात असलं की काम बहुतेक तासाभराचं असतं, आणि पैसेही तासाभराचेच ठरवून घ्या.